लोकर, सुया आणि दिलदार माणसं : तुमचे अनुभव लिहा

मनवा_ठाणे
विणकामावर इथे चर्चेचे बरेच धागे आहेत पण ते सगळे पॅटर्नचे नाहीतर कुठली लोकर कुठे मिळते त्याचे. मला जरा वेगळं बोलायचंय. विणणारी माणसं किती सहज देतात ना? एक स्वेटर म्हणजे महिनाभराच्या दुपारी गेल्या, डोळे गेले, मान आखडली, आणि तरी "घे गं, तुझ्या लेकीला होईल" म्हणून देऊन मोकळ्या. माझ्या दोन्ही मुलांच्या बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, स्वेटर सगळं शेजारच्या काकूंनी विणलेलं, आणि आमचं नातं काय तर एका मजल्यावर राहतो एवढंच.

लिहायला निमित्त झालं ते 'लूज एंड्स' नावाच्या अमेरिकेतल्या उपक्रमाचं. जेन सिमॉनिक आणि मेसी कॅपलन या दोन मैत्रिणींनी २०२२ मध्ये तो सुरू केला. त्यांच्या ओळखीत एकीची आई वारली, तिनं विणायला घेतलेली ब्लँकेटं अर्धी राहिली आणि घरात कुणाला येईना. तिथून पुढे आता कुणाच्याही घरात वारलेल्या माणसाचं असं अर्धं विणकाम, भरतकाम, गोधडी असेल तर तुम्ही त्यांना कळवायचं, ते शक्यतो जवळपासचा कुणी स्वयंसेवक शोधून देतात आणि तो माणूस ते पुरं करून परत देतो, मजुरी वगैरे काही नाही. हजारो लोकांनी नावं दिलीयत. दुसऱ्याच्या आईच्या हाताचं काम पुढे न्यायचं हे किती जबाबदारीचं आहे ते विणणाऱ्यालाच कळेल, मला तर वाचूनच भरून आलं.

तुम्ही कुणाला दिलंय, कुणाकडून मिळालंय, कुठे काम चालतं माहीत आहे, सगळं लिहा.

सुलट_उलट
मस्त धागा मनवाताई. माझं शिक्षण पूर्ण लोकलच्या लेडीज डब्यात झालंय. नवीन नोकरी, डोंबिवलीहून रोजचा प्रवास, समोरच्या बायका विणतात म्हणून मी पण सुया घेतल्या. एक दिवस टाका गळला आणि खाली खाली सुटत गेला, मी सुईनं ओढायला लागले तर शेजारची बाई, जिचं मला नावही माहीत नव्हतं, म्हणाली थांब, ओढू नकोस, घट्ट होईल. केसातली पिन काढली, पिनेच्या टोकानं सुटलेला टाका पकडला आणि एकेक आडवा धागा त्याच्यातून ओढत शिडी चढवल्यासारखा वर आणला, घाटकोपर यायच्या आत टाका परत सुईवर. मग तो परत उसवला, मुद्दाम, आणि म्हणाली आता तू कर.

त्या डब्यात कुणी काही राखून ठेवायचं नाही. नवीन नमुना आला की सगळ्यांना दाखवायचा, वहीत उतरवून द्यायचा, गळ्याचं माप समजावून सांगायचं. कुणी गरोदर असली की सातव्या महिन्यापासून डब्यात पिवळी नाहीतर पांढरी लोकर दिसायला लागायची, आणि तिला डोहाळजेवणाला पूर्ण सेट. कुठल्या बाईनं काय विणलं हे ठरवून वाटलेलं असायचं, एक टोपी, एक मोजे, एक शाल.

आजीबाई_सातारा
मुलींनो मी १९६२ सालची गोष्ट सांगते. चीननं हल्ला केला तेव्हा मी शाळेत होते. आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटात बर्फात लढतायत ही बातमी घराघरात पोचली होती, मोठी माणसं रेडिओला कान लावून बसलेली. बायकांनी दागिने दिले ते सगळ्यांना माहीत आहे पण देशभर बायकांनी स्वेटर विणले ते फारसं कुणी सांगत नाही. आमच्या बाईंनी शिवणाच्या तासाला सगळं बाजूला ठेवलं आणि लोकर वाटली. लहान मुलींना मफलर, कारण त्यात घटवायचं-वाढवायचं काही नाही, नुसतं सरळ विणत जायचं, मोठ्या मुलींना हातमोजे आणि बिनबाह्यांचे स्वेटर. माझी आई संध्याकाळी चूल आवरली की कंदिलापाशी बसायची. माप कुणाचं घ्यायचं, तर वडिलांचं, त्यांना उभं करून पाठ मोजायची आणि दोन बोटं जास्त धरायची, जवान आहे, छाती रुंद असेल म्हणून.

तो स्वेटर कुणी घातला, कुठे गेला, कधी कळलं नाही आणि आईनं कधी तसं म्हटलंही नाही की कळायला हवं होतं.

मनवा_ठाणे
आजी 🙏 दोन बोटं जास्त... काय लिहू.

राजन_मि
एक प्रामाणिक प्रश्न, कुणाला दुखवायचं नाहीये. मी विणत नाही, बायको विणते. ३०० रुपयांत बाजारात बरं ब्लँकेट मिळतं. त्याच किमतीची लोकर आणून महिनाभर विणण्यापेक्षा ती रक्कम सरळ दिली तर जास्त लोकांना पांघरूण मिळेल असं नाही का वाटत? दानाचा हिशोब केला तर हाताचं विणलेलं महाग पडतं.

डॉ_शर्वरी
राजन, थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी तुमचा हिशोब बरोबर आहे, तिथे आकडा महत्त्वाचा आणि विकतची घेऊन द्यावीत. पण काही गोष्टी बाजारात मिळतच नाहीत. मी नवजात शिशू विभागात काम करते. दीड किलोच्या बाळाच्या डोक्याला बसेल अशी टोपी दुकानात मागून बघा. डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं, बरीचशी उष्णता तिथून जाते, आणि थंड पडलेलं बाळ सगळी ताकद स्वतःला गरम ठेवण्यात घालवतं, वजन वाढत नाही. कांगारू मदर केअरमध्ये बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात, ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या हॉस्पिटलात सुरू झाली कारण तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते, आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी तिचीच शिफारस करते. त्यात बाळाच्या अंगावर काय असतं, तर लंगोट, टोपी, मोजे. बास. म्हणजे टोपी ही आमच्यासाठी उपचाराचा भाग आहे.

पण विणणाऱ्यांना हात जोडून सांगते, आधी विचारा. लव सुटणारी लोकर नको, नाकातोंडात जाते. रिबन, गोंडे, बटणं, मोती काही नको. जाळीदार नमुना नको, बोटं अडकतात. मऊ सुती धागा किंवा बेबी सॉफ्ट अ‍ॅक्रिलिक, गरम पाण्यात धुता येईल असं. उग्र वासाच्या साबणात धुऊ नका. आणि वॉर्डच्या सिस्टरना फोन करून विचारा किती आणि कुठल्या मापाच्या हव्यात. एका ठिकाणी मी गोंडेवाल्या सुंदर टोप्यांचं आख्खं खोकं कपाटात पडून राहिलेलं बघितलंय, वाईट वाटतं, कारण प्रत्येक टोपीमागे कुणाचे तरी दोन-तीन तास आहेत.

हेमंत_मेलबर्न
डॉक्टरांच्या 'आधी विचारा' ला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे मेलबर्नपासून दीडदोन तासांवर फिलिप आयलंड आहे, तिथे छोटे पेंग्विन आहेत, जेमतेम फूटभर उंचीचे. समुद्रात तेल सांडलं की ते पिसांना लागतं, पिसं चिकटतात, अंगाला थंडगार पाणी लागतं, आणि पक्षी चोचीनं पिसं साफ करायला जातो तेव्हा तेल पोटात जातं. धुवायची पाळी येईपर्यंत त्यांना लोकरीचा छोटा स्वेटर घालतात, म्हणजे चोच पिसांपर्यंत पोचत नाही आणि ऊबही राहते. २००१ मध्ये तिथल्या तेलगळतीत ४३८ पेंग्विन सापडले होते, आणि त्यातले ९६ टक्के बरे करून परत समुद्रात सोडले.

ही बातमी जगभर गेली आणि मग इतके स्वेटर आले, इतके आले की तिथल्या संस्थेला पुरे म्हणावं लागलं. पण त्यांनी ते वाया घालवले नाहीत हे मला आवडलं, जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनना घालून विकतात आणि पैसे पेंग्विनच्याच कामाला जातात. अ‍ॅल्फी डेट नावाचे आजोबा होते, शंभरी ओलांडलेले, ते हे स्वेटर विणायचे. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी त्यांचा फोटो पेपरात बघून सुया परत हातात घेतल्या.

निशिगंध
बाजारात न मिळणाऱ्या गोष्टीवरून लिहितेय. थोडं नाजूक आहे पण लिहायला हवं असं वाटतं.

माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. नंतर ब्रामध्ये घालायला सिलिकॉनचं मिळतं, ते महाग, जड, आणि आपल्या उकाड्यात त्याखाली घामानं टाक्यांची जागा चुरचुरते. ती बरेच दिवस रुमालाची घडी ठेवायची. लग्नकार्याला जायची बंद झाली, भाजीला जायची तर ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट. मग कुणीतरी तसंच विणलेलं मिळतं म्हणून सांगितलं. हलकं, मऊ धाग्याचं, आत कापसासारखं फायबर भरलेलं, मागून उघडतं त्यामुळे कमीजास्त करता येतं, धुता येतं, नेहमीच्या ब्रामध्ये बसतं.

याचा पहिला प्रसिद्ध नमुना २००५ मध्ये कॅनडाच्या बेरिल त्सांग यांनी इंटरनेटवर दिला, त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. पुढे अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांचं २०११ मध्ये ऑपरेशन झालं, त्यांना डॉक्टरांनीच हा पर्याय दाखवला, मैत्रिणीनं विणून दिलं आणि त्यातून 'निटेड नॉकर्स' ही संस्था उभी राहिली. नमुना सगळ्यांना मोफत, आणि बाईला मिळतं तेही मोफत, विकायचं नाही हा नियमच. आपल्याकडे निटेड नॉकर्स इंडिया म्हणून काम चालतं, मुंबईतून, तिथेही स्वयंसेविका विणतात आणि पैसे घेत नाहीत.

मावशीला पुडकं आलं त्यात जोडीनं एक जास्तीचं होतं, धुवायला टाकलं तर अडायला नको म्हणून. राजनदादा, ज्या बाईनं ते जास्तीचं घातलं तिनं हिशोब नाही केला, तिनं मावशीची सकाळ डोळ्यासमोर आणली.

राजन_मि
निशिगंध, वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. मी नुसता पांघरुणांचा विचार करत होतो. मुद्दा पटला, धन्यवाद.

किमया_टोरांटो
इथली एक गोष्ट. मार्क इस्फेल्ड नावाचा कॅनडाचा सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत क्रोएशियात सुरुंग काढायच्या कामावर होता. त्याच्या आईनं, कॅरोलनं, लोकरीच्या छोट्या बाहुल्या विणून पाठवल्या, त्या तो तिथल्या मुलांना वाटायचा. १९९४ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. त्याच्या सोबत्यांनी बाहुल्या वाटायचं काम थांबवलं नाही आणि आईनंही विणायचं थांबवलं नाही. 'इझी डॉल' म्हणतात त्यांना, इझी हे त्याचं पलटणीतलं टोपणनाव. मग कॅनडाभर बायका विणायला लागल्या. दूरच्या देशात औषधांची खोकी जातात त्यात बाटल्या फुटू नयेत म्हणून मधे थर्माकोलच्या ऐवजी या बाहुल्या भरून पाठवल्यात. औषध दवाखान्याला, बाहुली मुलाला.

आमच्या लायब्ररीतल्या विणकाम गटात मी त्या विणते. तळहाताएवढी असते, उरलेल्या लोकरीत होते.

गंधाली_नाशिक
धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. आई दिवाळीच्या आधी गेली. बाबांसाठी स्वेटर घेतला होता तिनं विणायला, राखी रंगाचा, मधून दोन वेण्या. पाठ पूर्ण आहे, पुढा मुंढ्यापर्यंत आलाय, टाके सुईवरच आहेत. टाके निसटू नयेत म्हणून तिनं सुईच्या टोकाला रबरबँड गुंडाळलाय. सोबत वही आहे पण त्यात नुसतं 'सु ६ उ २, आठव्या ओळीला पीळ' असं काय काय लिहिलंय, मला कळत नाही. मला अजिबात येत नाही विणता. लोकरीच्या तीन गुंड्या शिल्लक आहेत, दुकानात दाखवल्या तर म्हणाले हा रंग आता येत नाही. भारतात असं पूर्ण करून देणारं कुणी आहे का? पैसे द्यायची तयारी आहे.

चारसुया
गंधाली, पैशाचं नाव काढू नकोस, मी करते. कोथरूडला असते.

त्याआधी तीन गोष्टी. एक, तो रबरबँड आजच काढ, जपून. उन्हाळ्यात रबर विरघळून लोकरीला चिकटतं, मग निघत नाही. टाके जाड सुती दोऱ्यावर काढून घे, सुईत दोरा ओवून सरळ सगळ्या टाक्यांतून पार कर आणि दोन्ही टोकांना सैल गाठ मार. जुन्या सुईवर वर्षानुवर्षं राहिलं की त्या ओळीवर कायमची रेघ पडते. सुई फेकू नकोस, तिचा नंबर मला हवाय. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे असतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४.

दोन, पाठीचा फोटो टाक, सपाट जागेवर पसरून, शेजारी पट्टी ठेवून. मला मधोमध १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायचंय. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणी घट्ट विणतं कुणी सैल, मी माझ्या हातानं विणलं तर जिथून मी सुरू केलं तिथे रेघ ओढल्यासारखं दिसेल. मी आधी दुसऱ्या लोकरीवर तुझ्या आईचा हात जुळवून बघेन, सुई एक नंबर वरखाली करून, आणि मगच तिच्या टाक्यांना हात लावेन. वेणीचा पीळ ती डावीकडे घालायची का उजवीकडे तेही फोटोत दिसू दे.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना विचार. त्यांना पूर्ण झालेला हवाय का? काही लोकांना ते तसंच, सुईवरच ठेवायचं असतं आणि त्यातही काही चूक नाही. त्यांच्यासाठी घेतलाय, तेच ठरवतील.

उर्मी
चारसुयाताई _/\_
गंधाली, मी कामासाठी नाशिक-पुणे करत असते, कुरिअरला टाकू नकोस, मी घरून घेऊन जाते आणि कोथरूडला हातात देते. विपू (विचारपुशीत निरोप) केलीय.

गंधाली_नाशिक
बाबांना विचारलं. आधी काही बोलले नाहीत, उठून आत गेले, मला वाटलं विचारायला नको होतं. रात्री जेवताना म्हणाले, पूर्ण कर पण बिनबाह्यांचा कर. का तर तीन गुंड्यांत पुढा आणि गळपट्टी होईल, दुसरी लोकर आणायला लागणार नाही, सगळी तिनं आणलेलीच राहील. त्यांना विणकामातलं काही कळतं हे मला माहीत नव्हतं, म्हणाले चाळीस वर्षं गुंड्या करायला दोन्ही हात पुढे धरून मीच बसायचो.

उर्मी उत्तर दिलंय. चारसुयाताई फोटो पाठवते.

चारसुया
बाबांचा हिशोब चोख आहे. तीन गुंड्यांत पुढा, गळा आणि मुंढ्यांची पट्टी आरामात होईल. उरली तर परत पाठवते, आतून एक छोटी लड शिवून देईन, पुढे कधी रफू करावं लागलं तर.

सुलट_उलट
हे सगळं वाचून मला चेन्नईचं आठवलं. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स म्हणून गट आहे, जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं, ११,१४८.५ चौरस मीटर, गिनीजमध्ये नोंद आहे. देशभरातून आणि बाहेरूनही बायकांनी तुकडे विणून पाठवले होते. आणि विक्रम झाल्यावर ते ब्लँकेट सुटं करून गरजूंना वाटलं. एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका ऑनलाइन शिकत शिकवत होत्या, जिला क्रोशाचा मुका खांब, म्हणजे अगदी साधा टाका, पण येत नव्हता तिनंही तुकडा पाठवला. डॉक्टर म्हणतात तशा टोप्या आपण इथल्या इथे ठरवून केल्या तर?

डॉ_शर्वरी
नक्की करा. मी आमच्या सिस्टरना विचारलं, आत्ता दीड ते अडीच किलोच्या बाळांसाठी हव्यात, मोठ्या पुरेशा आहेत. लहान मापाच्याच करा प्लीज. मोजेही चालतील पण नाडी नको, रिबवरच (ताणल्या जाणाऱ्या पट्टीवर) थांबायला हवेत. पत्ता विपूत देते, इथे नको.

राजन_मि
बायको करणारच आहे. मला पण शिकायचंय, खरंच. अगदी नवशिक्याला जमेल असा टोपीचा नमुना कुणी देईल का? सुलट आणि उलट टाका तिनं शिकवलाय, तेवढंच येतं.

आजीबाई_सातारा
तेवढ्यात टोपी होते राजन. लिहून घे.

१० नंबरच्या सुया रिबसाठी, ९ नंबरच्या वरच्या भागासाठी. बेबी सॉफ्ट चार प्लाय. लहान बाळासाठी ५६ टाके घाल, सैल घाल, नाहीतर कड डोक्याला रुतेल. एक सुलट एक उलट अशी रिब दोन बोटं रुंद. मग सुया बदल आणि एक ओळ सुलट एक ओळ उलट, सुरुवातीपासून मोजून आठ सेंटीमीटर होईपर्यंत. आता घटवायचं. सुलट ओळीला पाच सुलट, दोन टाके एकत्र, असं शेवटपर्यंत, आठ वेळा होईल, ४८ टाके राहतील. पुढची ओळ नुसती उलट. मग चार सुलट, दोन एकत्र. परत उलट ओळ. मग तीन आणि दोन एकत्र, मग दोन आणि दोन एकत्र, मग एक आणि दोन एकत्र, मधे प्रत्येक वेळी एक उलट ओळ. १६ टाके उरले की धागा हातभर ठेवून काप, मोठ्या सुईत ओव, सगळ्या टाक्यांतून काढ आणि ओढून घट्ट कर, दोनदा काढ म्हणजे मधे भोक राहणार नाही. त्याच धाग्यानं कड शिवत खाली ये. शिवण चपटी हवी, गाठ आतल्या अंगाला पण टोचणार नाही अशी, गाठीपेक्षा धागा चार टाक्यांत फिरवून कापलेला बरा.

झाली की स्वतःच्या गालावर घासून बघ. खरखरली तर देऊ नकोस, बाहुलीला ठेव. पहिली जमली की फोटो टाक, आणि वरती घटवताना अडलास तर कुठल्या ओळीवर आहेस तेवढं लिही, मी दुपारी तीननंतर असते इथे.